उमेदवार म्हणून मी काय बोलले आणि काय बोलायचं राहून गेलं

(शहरातल्या स्त्री-संघटनांच्या एकदिवसीय शिबिरात पुण्याच्या महापालिका निवडणुकीतल्या एका अपक्ष उमेदवार कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



मला सकाळी इथे आल्या आल्या एकीनं विचारलं, "काय गं, पडलीस म्हणे!" तेव्हा ते आधीच सांगून टाकते. हो, पडले. डिपॉझिटही गेलं. त्याचं दुःख करायला मी उभी नाही, आणि 'आम्ही हरूनही जिंकलो' असं म्हणायलाही नाही. हरलो म्हणजे हरलो. पण त्या दहा दिवसांत पाणी, फूटपाथ, बस, कचरा, संडास-मुताऱ्या, एकेका प्रश्नावर 'तुमची भूमिका काय' असं लोक तोंडावर विचारत होते. आपण चळवळीतल्या बायका भूमिका पुष्कळ घेतो. पण ज्या बाईला उद्या सकाळी त्या भूमिकेचा फटका बसणार आहे, तिच्या उंबऱ्यावर उभं राहून ती सांगणं हे वेगळंच काम आहे. त्याबद्दल बोलते.

दहा दिवस म्हणजे अक्षरशः दहा. मतदान 15 जानेवारी 2026 ला. अर्ज मागे घ्यायची मुदत 2 जानेवारीला संपली, अपक्षांना चिन्हं 3 तारखेला मिळाली, प्रचार 13 ला बंद. पक्षांची चिन्हं लोकांना लहानपणापासून पाठ. आमचं चिन्ह काय हे माझ्या सख्ख्या जावेलाही दोनदा सांगावं लागलं. त्यात चार-चार जणांचा प्रभाग. मतदाराने 'अ', 'ब', 'क', 'ड' अशी चार बटणं दाबायची. पक्षवाले सांगणार, "ताई, काही लक्षात ठेवू नका, चारही ठिकाणी एकच चित्र." आणि आम्ही सांगणार, "तीन ठिकाणी तुम्हाला हवं ते करा, पण 'क'मध्ये आम्हाला." एवढं वाक्य पुरं होईपर्यंत कुकरची शिट्टी होते आणि बाई आत जाते.

शहरानं आधी जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच पाहिलेले नव्हते हेही लक्षात घ्या. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक. राज्यातल्या बहुतेक महापालिकांची हीच गत. 74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू झाली, तिनं स्थानिक निवडणुका वेळेवर व्हाव्यात अशी सोय केली होती. महाराष्ट्रात स्त्रियांना शहरी संस्थांमध्ये 30 टक्के जागा त्याच्याही आधी, 1990 मध्ये दिल्या होत्या. 2011 मध्ये त्या 50 टक्के झाल्या. निम्म्या जागा आपल्या असं आपण अभिमानानं सांगतो. पण सभागृहच भरलं नाही, तर निम्म्या जागा म्हणजे शून्याच्या निम्म्या. या चार वर्षांत आपण किती मोर्चे काढले यासाठी? मी माझ्यासकट विचारते आहे. एकही नाही.

आता मी उभी कशी राहिले. खरं म्हणजे उभी राहायची होती आमच्या वस्तीतली एक घरकामगार मैत्रीण. बोलायला माझ्यापेक्षा चांगली, वस्तीत कुणाचं बाळंतपण असो की भांडण, ती पहिली हजर. तिला तीन मुलं. तिसरं झालं ते दोन अपत्यांचा नियम लागू झाल्यानंतर. महापालिकेच्या कायद्यात ही अपात्रता 2001 पासून आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्ये हरियाणाच्या प्रकरणात असा नियम वैध ठरवला. म्हणजे बैठक बसली आणि पाच मिनिटांत तिचं नाव संपलं. ती हसली आणि म्हणाली, "तिसरं मी मागितलं होतं काय? सासूला नातू पाहिजे होता." ज्या निर्णयात तिला विचारलंच नाही त्याची शिक्षा तिला, आणि ज्यांनी मुलगा पाहिजे म्हणून धरणं धरलं ते घरात बसून मत देणार. आंध्र प्रदेशानं हा नियम 2024 मध्ये काढून टाकला. कारण वेगळं होतं, त्यांना लोकसंख्या घटण्याची काळजी लागली आहे, बायकांची नाही. पण काढला. आपल्या संघटनांनी इथे याविरुद्ध लिहिलं, बोललं, नंतर तो विषय कुठेतरी मागे पडला. माझ्या पत्रकात हा मुद्दा नव्हता, कारण हा कायदा विधानसभा बदलणार, महापालिका नाही. आज वाटतं, असायला हवा होता.

तर तिच्याऐवजी मी. पहिलं पत्रक आम्ही सहा जणींनी एका रात्रीत लिहिलं. त्यात एक ओळ होती, 'स्त्रिया, मुलं व ज्येष्ठांसाठी मोकळे, सुरक्षित फूटपाथ.' कुणाला खटकली नाही. आमच्यातल्या दोघींच्या सासूबाई रस्त्यावर पडून खुबा मोडून घेतलेल्या आहेत. बाबागाडी घेऊन चालता येत नाही, अंध मैत्रिणींना काठी टेकवायला जागा नाही, हे सगळं खरंच आहे.

तिसऱ्या दिवशी चौकात पत्रकं वाटत होतो. कोपऱ्यावर मेथी-कोथिंबिरीची पाटी घेऊन बसणाऱ्या मावशी आहेत. मी त्यांच्याकडून बारा वर्षं भाजी घेते. त्यांनी पत्रक घेतलं, त्यांना वाचता येत नाही, म्हणून नातीला वाचायला लावलं. ती ओळ आल्यावर म्हणाल्या, "म्हणजे आम्हाला उठवणार." मी म्हटलं, नाही हो मावशी, तसं नाही. "मग कसं?" आणि मला उत्तर देता आलं नाही. चार माणसं जमली. मी काहीतरी म्हटलं, 'दोघांचीही सोय झाली पाहिजे' वगैरे. मावशींनी पत्रकाची घडी केली आणि पाटीखाली ओलाव्याला सरकवली.

त्या रात्री पुन्हा बैठक. तीन तास भांडलो. सोसायटीत राहणाऱ्या मैत्रिणी म्हणाल्या, चालायला जागा मागणं हा काय गुन्हा आहे? वस्तीतल्या म्हणाल्या, तुमची गाडी फूटपाथला लावलेली असते तिला कोण उठवतं? इथे सगळ्या गप्प झाल्या, कारण ते खरं होतं. आमच्या चौकातला फूटपाथ आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी नुसता चालून पाहिला. पाट्या होत्या त्या एका कडेला, अंग चोरून. अडवलं होतं ते दुचाक्यांनी, एका दुकानाच्या वाढवलेल्या पायऱ्यांनी, आणि एका स्वागताच्या कमानीनं. कमानीवर ज्यांचा फोटो होता तेही उमेदवार होते.

मग कायदा काढून वाचला. पथविक्रेत्यांचा कायदा 2014 चा आहे. त्यात म्हटलंय की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं देईपर्यंत कुणालाही उठवायचं नाही. शहरात पथविक्रेता समिती असायला हवी, तिच्यात किमान 40 टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यातल्या एक-तृतीयांश स्त्रिया. प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांची सोय व्हायला हवी. हे मला माहीत नव्हतं. मी वीस वर्षं चळवळीत आहे, पोटगीचा कायदा झोपेत विचारला तरी सांगेन, पण माझ्या चौकातल्या बाईच्या पोटाचा कायदा वाचलेला नव्हता. पत्रक पुन्हा छापलं. 'फूटपाथवरून गाड्या, कमानी आणि दुकानांचे वाढीव ओटे हटवणे; भाजीवाल्यांसाठी आखलेल्या जागा, सावली, पाणी व मुतारी.' छपाईचे पैसे दुसऱ्यांदा गेले. सोसायट्यांमधली काही मतंही गेली, हे मी नक्की सांगू शकते, कारण एका बाईंनी दार लावता लावता तसं सांगितलं. मावशींचं मत मिळालं की नाही ते माहीत नाही. त्यांचं नाव मतदारयादीत त्यांच्या माहेरच्या गावी आहे, असं शेवटी कळलं.

पाण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण प्रचारातला अर्धा वेळ त्यातच गेला. आमचा प्रभाग अर्धा जुना, अर्धा हद्दीत नव्यानं आलेला. 2017 मध्ये अकरा आणि 2021 मध्ये तेवीस गावं पुण्यात घेतली. घेताना नकाशावर रेघ ओढली की झालं, नळ ओढायला वर्षं लागतात. खडकवासल्याचं धरण डोळ्यांसमोर, आणि दारात टँकर. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला गुलेन बॅरे सिंड्रोमची साथ आली, दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले. आधी जुलाब, मग हातापायांतली शक्ती जाते. दूषित पाणी आणि अन्न यांच्याकडे बोट दाखवलं गेलं. पेपरांनी पाण्याचे नमुने, जंतू, व्हेंटिलेटर सगळं छापलं. त्या महिन्यात घरोघर पाणी उकळत कोण बसलं होतं, गॅसचा सिलिंडर किती दिवस आधी संपला, हे कुणी छापलं नाही. उकळलेलं पाणी गार होण्याची वाट बघून मग कामाला जाणाऱ्या आणि उशीर झाला म्हणून बोलणी खाणाऱ्या बायका आमच्या बैठकीत होत्या.

टँकर येण्याची वेळ नक्की नसते. म्हणून घरात एक बाई अडकून राहते. सून कामाला जात असेल तर सासू, सासू नसेल तर शाळेतली मुलगी. सातवी-आठवीतल्या मुलींच्या गैरहजेरीचं कारण शाळेत 'पोटात दुखत होतं' असं सांगितलं जातं. ते पुष्कळदा टँकर असतं.

समान पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी महापालिकेनं 2017 मध्ये 200 कोटींचे कर्जरोखे काढले, त्याचा मोठा गाजावाजा झाला. चोवीस तास पाणी हे ऐकायला फार छान. मला लोक विचारत, "मीटरला तुमचा पाठिंबा की विरोध?" आमच्यातच दोन मतं होती, आजही आहेत. काही जणी म्हणतात, मीटर नको, पाणी विकायला काढतील. मी म्हणाले, मोजल्याशिवाय कळणार कसं, की बंगल्याच्या बागेत किती जातं आणि वस्तीतल्या नळाला किती येतं? म्हणून आमची भूमिका अशी लिहिली: मोजणी सगळ्यांची, सुरुवात मोठ्या सोसायट्या, हॉटेलं आणि बांधकामांपासून, आणि घरटी पोटापुरतं पाणी, प्यायचं-रांधायचं-धुवायचं, त्याला दर नाही. ही भूमिका मला आजही बरोबर वाटते. पण प्रचारात ती सांगायला पाच मिनिटं लागतात आणि 'चोवीस तास पाणी!' हे सांगायला दोन सेकंद.

एक गोष्ट मात्र आम्ही ठामपणे सांगितली. घराचा कागद आहे की नाही यावर पाणी ठरणार नाही. मुंबईत पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं डिसेंबर 2014 मध्ये सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाण्याशिवाय ठेवता येणार नाही, तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. यावर एका सोसायटीच्या बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, "मग आम्ही टॅक्स कशाला भरतो?" त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आपल्याकडे काम करणारी तिथेच राहते ना. तिला पाणी आलं नाही की ती येत नाही." युक्तिवाद काही फार थोर नाही. पण खोलीतली हवा बदलली तेवढ्यानं, हे मी पाहिलं.

मुताऱ्यांचा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' मोहीम चालली, पुरुषांना लघवीला फुकट आणि बाईला पैसे हा हिशेब तिनं चव्हाट्यावर आणला. पुण्यापुरतं बोलायचं तर 'मिळून साऱ्याजणी'नं उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि डिसेंबर 2015 मध्ये निकाल मिळवला, की बाहेर वावरणाऱ्या स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं पुरवणं हे महापालिकांचं कर्तव्य आहे. म्हणजे एका मासिकानं, आपल्यासारख्याच बायकांनी हे केलं. 2016 मध्ये जुन्या बसगाड्यांची स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं करण्याचाही प्रयोग शहरात झाला. सांगायचं ते एवढंच, की आपण 'किती बांधणार' हे विचारतो, आणि उमेदवार खुशीनं मोठा आकडा सांगतो. बांधण्यात कंत्राट असतं, उद्घाटन असतं, नावाची पाटी असते. 'रात्री नऊनंतर किती उघडी असतात, दिवा कोण बदलतो, पाणी संपलं तर कुणाला फोन करायचा, आणि तिथं झाडणाऱ्या बाईला महिन्याला काय मिळतं' हे विचारलं की गप्प. आम्ही पत्रकात नव्या मुताऱ्यांचा आकडा दिलाच नाही. लिहिलं की आहेत त्यांची यादी, वेळा आणि जबाबदार माणसाचा फोन नंबर दारावर लावायला लावू. एक पक्षाचा कार्यकर्ता हसला होता, "ताई, यावर मतं मिळतात होय?" नाही मिळाली.

बसबद्दल आमच्यात मतभेद होते ते तुम्हालाही सांगते, कारण इथे बसलेल्यांमध्येही असणार. 1 जून 2025 पासून पीएमपीचं किमान भाडं पाचाचं दहा झालं. घरकामाला दोन बस बदलून जाणारीचे दिवसाला किती वाढले ते तुम्हीच मोजा. एस.टी.त मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्धं तिकीट. दिल्लीत 2019 पासून, कर्नाटकात जून 2023 पासून स्त्रियांना बस मोफत. मग पुण्यात का नाही? आमच्या तरुण मुली म्हणाल्या, पत्रकात पहिल्या ओळीत हेच घ्या. मी मात्र म्हणाले, जिथं बसच तासाला एक येते तिथं मोफत करून काय फायदा? आधी गाड्या वाढवा. त्यावर एक मुलगी, शिवणकाम करून रात्रीच्या कॉलेजात जाते, ती म्हणाली, "मावशी, तुम्ही स्कूटरवर फिरता. दहा रुपये तुम्हाला कळत नाहीत." मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. घरी जाऊन विचार केला, तेव्हा पटलं की दोन्ही मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत, मीच त्या आड आणल्या होत्या. पीएमपी पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही महापालिकांच्या मालकीची कंपनी आहे, 2007 पासून. तूट भरायची दोघींनी. उड्डाणपुलाला पैसे देताना कुणी 'तोटा' हा शब्द वापरत नाही, बसला देताना वापरतात. एवढं एक वाक्य मी नंतरच्या प्रत्येक कोपरासभेत म्हटलं.

कचऱ्याचं थोडक्यात. घरोघर कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ'च्या बायका कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून आल्या. पंचायत 1993 ची, महापालिकेशी पहिला करार 2008 चा. उकिरड्यावर वाकून वेचणारी बाई ओळखपत्र लावून दारात आली, ही या शहरातली गेल्या तीस वर्षांतली मोठी गोष्ट आहे. पण मुदत संपत आली की दर वेळी त्यांच्यावर टांगती तलवार, आणि मोठ्या गाड्यांच्या कंत्राटाची चर्चा. आमची भूमिका सरळ होती: काम त्यांच्याकडेच, करार लांब मुदतीचा, आणि उरुळी-फुरसुंगीच्या लोकांच्या उशाशी कचरा नेऊन टाकणं बंद. यावर आमच्यात एकीचंही दुमत नव्हतं, म्हणून जास्त बोलत नाही. मात्र सोसायट्यांत 'महिन्याचे पैसे द्यायचे की महापालिकेनं द्यावेत' हा प्रश्न आला की सगळ्यांचं पर्यावरणप्रेम आटतं, एवढं नोंदवून ठेवते.

दारूच्या दुकानाबद्दल सगळीकडे विचारलं. ते नगरसेवकाच्या हातात नाही, उत्पादन शुल्क खात्याकडे आहे. बायकांना सह्या करून मतदान मागता येतं, 'आडवी बाटली'चं, पण त्यात झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. हे खरं सांगितलं तर बाईचं तोंड उतरतं. शेजारचा उमेदवार सांगून गेलेला असतो, "निवडून द्या, आठवड्यात बंद करतो." इथे काय करायचं हे मला आजही सुचलेलं नाही. मी खरं सांगत राहिले. काही ठिकाणी मला वाटलं की खरं सांगणं म्हणजे त्या बाईला एकटं सोडून जाणं होतंय.

आता पैशांचं. नगरसेवकाच्या हाती नेमकं काय असतं? शहरात 165 नगरसेवक, त्यातला एक. कारभार चालवणारे आयुक्त, ते राज्य सरकार नेमतं. तिजोरीची किल्ली स्थायी समितीकडे, तिथे सोळा जण. राहिली आपली 'स' यादी. ही यादी पुण्यातल्या नगरसेवकांना जिवापाड प्रिय. त्यातून काय येतं ते तुम्ही पाहिलंय: नाव रंगवलेली बाकडी, ज्यूटच्या पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या. आमच्या गल्लीत बसायला माणसं कमी आणि बाकडी जास्त आहेत. मी सांगत होते की प्रभागात बायकांच्या सभा घेऊन ही यादी ठरवू. कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, गावात ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा. प्रचारात मी हात वर करून विचारायची, "क्षेत्रसभेला कोण कोण गेलंय?" एकही हात वर येत नसे. एकदा आला, ती ग्रामसभा समजली होती.

आणि हळदीकुंकू. या वेळी संक्रांत 14 ला आणि मतदान 15 ला! त्यामुळे महिनाभर आधीपासूनच वाण वाटणं, पैठणीचे खेळ, देवदर्शनाच्या बस सुरू होत्या. आम्हालाही सल्ला मिळाला, छोटंसं हळदीकुंकू ठेवा, बायका येतील. आम्ही ठेवलं नाही. पक्षांच्या मांडवात विधवा मैत्रिणी खुर्च्या लावायला असतात आणि कुंकवाच्या वेळी मागे सरकतात, ते बघवत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक गाव ठराव करतं आणि आमच्या शहरात उमेदवारच या प्रथेवर मतं मागतात. आम्ही 12 तारखेला संध्याकाळी नुसता तिळगूळ ठेवला, सगळ्या बायकांसाठी. पन्नास-साठ जणी आल्या. त्यातल्या एक आजी, नवरा जाऊन पंचवीस वर्षं झाली, त्यांनी जाताना मला विचारलं, "तुम्ही निवडून नाही आलात तरी पुढच्या वर्षी बोलवाल ना?"

पण वाण घेणाऱ्या बायकांना नावं ठेवू नका. आपल्या बोलण्यात तो सूर येतो. मी एका बाईला विचारलं, साडी त्यांची घेतली, मत कुणाला? ती म्हणाली, "साडी घरातल्या पैशांनी कधी आली असती सांगा. मत काय, नवऱ्यानं सांगितलं त्याला." म्हणजे साडीनं मत गेलंच नव्हतं, ते आधीच गेलेलं होतं. आपण साडीवर भाषणं करत बसलो आणि नवऱ्याबद्दल बोलायचं विसरलो.

आमच्या प्रभागात ज्या बाई निवडून आल्या त्यांच्या बॅनरवर पतीचा फोटो त्यांच्यापेक्षा मोठा होता. निकालानंतर मी त्यांच्या घरी गेले, अभिनंदन करायला. संघटनेतल्या काही जणींना ते आवडलं नाही. पण मला वाटलं, पाच वर्षं सभागृहात बसायचं आहे ते त्यांना. बाहेरच्या खोलीत पतीभोवती गर्दी होती, त्या आत होत्या. चहा दिला. मी आमचं दुसरं पत्रक त्यांना दिलं, फूटपाथ आणि पाणी आणि मुताऱ्यांचं. त्यांनी पूर्ण वाचलं, तिथेच उभ्या उभ्या. मग मुतारीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "प्रचारात मी दिवसभर पाणी प्यायले नाही, यामुळेच." एवढ्यात बाहेरून हाक आली आणि त्या गेल्या. जाताना पत्रकाची घडी करून पर्समध्ये ठेवली, ते मी पाहिलं.

तर आमच्या गटानं ठरवलंय की पहिली मागणी क्षेत्रसभेची करायची. लेखी अर्ज, प्रभागातल्या चारही नगरसेवकांच्या नावे, प्रत आयुक्तांना. तारीख आणि जागा आपणच सुचवायची, संध्याकाळी सातनंतरची, म्हणजे कामावरून आलेल्या बायकांना येता येईल, आणि लहान मुलांना सांभाळायला कुणीतरी असेल अशा ठिकाणी. त्यांनी नाही घेतली तर काय, असं कुणीतरी विचारेल. तर पुन्हा अर्ज. दुसऱ्या प्रभागातल्या मैत्रिणींनी आपापल्या नगरसेवकांची नावं घालून तोच मजकूर वापरावा, त्यासाठी पन्नास प्रती काढून आणल्यात. त्या मागच्या टेबलावर आहेत. जेवणाच्या सुट्टीत घ्या, आणि पेन कृपा करून परत ठेवा, मागच्या शिबिरात सगळी गेली.